चित्र क्रमांक तीनमधले गृहस्थ

सुयश पगारेने त्या रविवारी सासुरवाडीत मटणाचा रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि तोंड उघडलं, तिथंच सगळं बिघडलं. रस्सा वाढून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. जावई होता, हक्क होता. पण तोंड रश्श्यासाठी उघडायचं असतं, बढाईसाठी नाही, एवढं भान त्याला राहिलं नाही.

झालं असं, की त्याची मोठी मेव्हणी संजना सांगत होती, तिच्या कॉलेजच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येतंय. दाखले, प्रवेश, सगळं त्यावरच होणार. नाव 'झटपट'.

"झटपट?" सुयशने हातातली नळी ताटात ठेवली. "ताई, ते आमच्याच कंपनीचं! आणि त्याची माहितीपुस्तिका कुणी लिहिलीय, सांगा बघू?"

कुणीच सांगेना, तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं. पुस्तिकेत एकूण एक पडद्याचं चित्र आहे, प्रत्येक बटणाभोवती लाल गोल आहे, गोलाला बाण आहे, लहान पोरालाही कळेल. (आमच्या सातपूरच्या ऑफिसात, म्हणजे टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत, बाण काढण्यात सुयशचा हात धरणारं कुणी नव्हतं.) सासूबाईंनी कौतुकाने आणखी एक भाकरी वाढली. बायको रोहिणीसुद्धा क्षणभर नवऱ्याकडे बरी नजर टाकून गेली.

"मग पाठवा की मला," संजना म्हणाली.

संजनाला लहानपणापासून दिसत नाही. कॉलेजात ती फोन आणि चौकशीची खिडकी सांभाळते, आणि तिच्या लॅपटॉपमध्ये एक बाई आहे. म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. घरात सगळे त्याला 'बाई'च म्हणतात. सुयशने तिथल्या तिथे पुस्तिका पाठवली, संजनाने बाईला कामाला लावलं आणि बाई सपाट आवाजात वाचू लागली:

"दाखला कसा द्यावा. खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे करा. चित्र. आता बाणाने दाखवलेले बटण दाबा. चित्र. चित्र. हे झाल्यावर पुढील चित्र पाहा. चित्र. अभिनंदन, तुम्ही दाखला दिला आहे."

आधी धाकटा मेव्हणा आयुष हसला. मग सासूबाई हसल्या. मग सगळं घर हसलं, आणि संजना सर्वांत जास्त हसली. पण हसून झाल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सुयशराव, गुरुवारी आमच्याकडे तुमच्या झटपटची चाचणी आहे. ज्याला जमेल त्याच्याकडे खिडकी. आमचे अधीक्षक थेटेसाहेब म्हणाले, ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं टेबल आत स्टोअररूमशेजारी लावू, निवांत बसा. मला निवांत बसायचं नाहीये हो."

आपण ज्या पुस्तिकेची एवढी शेखी मिरवली, तिच्याचमुळे ताईची खिडकी जाणार, हे सुयशला फार लागलं. तो ताठ बसला आणि म्हणाला, "ताई, गुरुवारच्या आत तुमची बाई माझं पुस्तक घडाघडा वाचेल. माझा शब्द."

रोहिणीने कपाळाला हात लावला. नवऱ्याने याआधी शब्द दिला होता तो बाथरूमचा नळ दुरुस्त करण्याचा, आणि तेव्हापासून पगारे कुटुंब बादलीने आंघोळ करत होतं.

संजनाने रीत समजावून सांगितली. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक अदृश्य जागा असते, तिथे चित्राचं वर्णन लिहायचं. डोळसांना ते दिसत नाही, बाईला बरोबर सापडतं. दुसऱ्या दिवशी सुयशने हे कंपनीचे मालक मोगलसाहेब यांना सांगितलं.

"पण ते दिसणार कुणाला?" मोगलसाहेबांनी विचारलं.

"कुणालाच नाही, साहेब."

"मग लिहायचं कशाला?"

"ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, साहेब."

मोगलसाहेबांनी बराच विचार केला आणि सुयशला ॲसिडिटीची गोळी देऊ केली. पण काम थांबवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

सुयशने पहिलं वर्णन लिहिलं ते असं: 'पडद्याचे चित्र.' संजनाने फोनवर ऐकून सांगितलं, "हे बाईला आधीच माहीत होतं." मग तो पेटला. दुसरं वर्णन असं उतरलं: 'निळ्याशार पार्श्वभूमीवर उजव्या कोपऱ्यात एक लोभस हिरवे बटण विसावले आहे.'

"सुयशराव," संजना म्हणाली, "मला त्या बटणाशी लग्न करायचं नाहीये. ते कुठं आहे, त्यावर काय लिहिलंय आणि दाबलं की काय होतं, एवढंच सांगा. आणि सगळ्या चित्रांना वर्णन लागतही नाही. चित्र काढून बघायचं. काही अडलं, तर वर्णन लिहायचं. काहीच अडलं नाही, तर त्याला 'शोभेचे' अशी खूण करायची. बाई ते गुपचूप ओलांडून पुढे जाते."

हे मात्र सुयशला पटलं, आणि एकदा पटल्यावर त्याच्या अंगातच संचारलं. त्याने नुसती चित्रं नाही, सगळी पुस्तिका पुन्हा लिहिली. 'खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे' ही ओळ हुडकून हुडकून काढून टाकली आणि तिथे 'पहिल्या रकान्यात हजेरी क्रमांक लिहा, टॅब दाबा' असं धडधडीत मराठी आणलं. घरीही तेच. रोहिणीने ताट पुढे ठेवलं की हा म्हणे, "डावीकडे लिंबू. मध्ये भात. भाजी उजवीकडे, कालचीच." मुलगी आरोही बापाला घाबरून आजीकडे राहायला जाते म्हणाली.

त्यातच आयुषच्या साखरपुड्याचे फोटो आले. साखरपुडा आदल्याच आठवड्यात सायखेड्याला झाला होता आणि 'साळवे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस पडत होता. संजनाची बाई तिथेही 'फोटो, फोटो, फोटो' एवढंच म्हणे. "सगळे वा वा करतात आणि मी नुसती अंगठे पाठवते," संजना म्हणाली. "भावाचा साखरपुडा आहे, मलाही कळू द्या की. हाताला सवय म्हणून लिहा."

सुयशने सवय म्हणून लिहिलं, आणि अगदी इमानाने लिहिलं. सायखेड्याच्या विठाबाई आत्या कशा दिसतात, कारभारी काका खुर्चीत कसे झोपलेत, आयुषच्या नव्या कोटाला किमतीची चिठ्ठी कशी तशीच लटकतेय. लिहिता लिहिता त्याला स्वतःचंच नवल वाटलं. एवढे फोटो सगळ्यांनी पाहिले होते, पण ती चिठ्ठी एकालाही दिसली नव्हती. हे वर्णन एकट्या संजनाला कशाला, अख्ख्या ग्रुपला पाठवू, आपली कला जरा चार लोकांना कळू दे, असं त्याने ठरवलं.

आता सुयशच्या कंप्युटरवर दोन फाइली झाल्या. एकीत झटपटच्या चित्रांची वर्णनं, दुसरीत साखरपुड्याची. दोन्हींना त्याने एकच नाव दिलं होतं: 'चित्रांची वर्णने फायनल'. (एकीच्या शेवटी टिंब होतं म्हणतात. आम्ही पाहिलेलं नाही.)

बुधवारी संध्याकाळी त्याने एका फाइलीतली वर्णनं पुस्तिकेतल्या चित्रांमागे ओळीने चिकटवली आणि दुसरीतली 'फोटो एक, फोटो दोन' असे आकडे घालून ग्रुपवर सोडली. मोगलसाहेबांनी पुस्तिका वरपासून खालपर्यंत पाहिली. चित्रं होती, लाल गोल होते, बाण होते. चित्रांमागे काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हेच तर त्या सोयीचं वैशिष्ट्य. "एक नंबर!" साहेब म्हणाले, आणि पुस्तिका कॉलेजला गेली.

गुरुवारी सकाळी सुयश दाढीला साबण लावून उभा असताना फोन वाजला. विठाबाई आत्या होत्या.

"जय भीम, जावईबापू. मी काय म्हन्ते, मी लाल बटन व्हय?"

"काय झालं आत्या?"

"तुमीच लिव्हलंय नव्हं? पोराकडून वाचून घेतलं म्या. फोटू एक. लाल रंगाचे मोठे बटन. हे एकदाच दाबावे, सारखे दाबल्यास यंत्र अडकते. लाल लुगडं नेसले ती काय चूक झाली का माझी? आन् मोठं कुनाला म्हन्ता?"

सुयशच्या तोंडावरचा साबण वाळला. त्याने घाईघाईने ग्रुप उघडला. झोपलेल्या कारभारी काकांच्या नावाने आलं होतं: 'फोटो तीन. हा पर्याय सध्या काम करत नाही. दुर्लक्ष करावे.' काका ग्रुप सोडून गेले होते. आणि आयुष त्याच्या होणाऱ्या बायकोच्या बोटात अंगठी घालतोय, त्या फोटोसाठी होतं: 'फोटो चार. येथे होय म्हटल्यास मागचे सर्व पुसले जाईल. खात्री आहे का?'

तेवढ्यात आयुषचाच फोन आला. "दाजी, ही साक्षी विचारतेय, मागचं सर्व म्हणजे नेमकं काय काय? कालच तिला ग्रुपमध्ये घेतलं हो आपण! मी सांगतोय काही नव्हतं, तर म्हणते, मग पुसायला काय निघालं?"

रोहिणी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. "अहो, हे काय लिहिलंय?"

"हे झटपटचं आहे," सुयश क्षीण आवाजात म्हणाला. "चुकून इकडे आलं."

"मग इकडचं कुठे गेलं?"

हा प्रश्न रोहिणीने सहज विचारला होता, पण तो ऐकताच सुयश स्कूटरची चावी शोधायला धावला. इकडचं तिकडे गेलं होतं. आणि तिकडे आज संजनाची चाचणी होती.

ताईचा फोन लागेना, तेव्हा अर्ध्या दाढीनिशी त्याने स्कूटर काढली. रोहिणी लाटण्यासकट मागे बसली. द्वारका सर्कलला नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली होती, आणि तिथल्या त्या उभ्या स्कूटरवर नवऱ्याला बायकोकडून जे ऐकावं लागलं त्याचं वर्णन कुठल्याही चित्रामागे लिहिता येणार नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "ताईची खिडकी गेली, तर मी तुम्हाला स्टोअररूमशेजारी बसवीन." आणि ती हे गमतीने म्हणत नव्हती.

ते पोचले तेव्हा चाचणी सुरू झाली होती. ऑफिसात प्राचार्य बोरस्ते मॅडम होत्या, सगळे क्लार्क होते, आणि मध्यभागी मोठ्या खुर्चीत अधीक्षक थेटेसाहेब होते. साहेब अंगाने भरलेले. नुकताच नाश्ता झाला होता आणि पंखा डोक्यावर होता. खिडकीपलीकडे दाखल्यासाठी आलेली एक मुलगी उभी होती. संजना लॅपटॉपपुढे बसली होती, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बाईचा आवाज स्पीकरवर लावला होता.

सुयश दारातून "थांबा!" म्हणणार, तोच बाई बोलली.

"दाखला विभाग. चित्र तीन. खुर्चीत रेलून झोपलेले जाड गृहस्थ. तोंड अर्धवट उघडे. शर्टाचे मधले बटण सुटलेले."

थेटेसाहेब दचकून जागे झाले. त्यांचा हात आधी तोंडावर गेला, मग पोटावरच्या बटणावर. बटण खरोखरच सुटलेलं होतं.

"याच्यात कॅमेरा आहे का?" साहेब ओरडले. "मॅडम, हे यंत्र माझ्यावर पाळत ठेवतंय! हा खाजगीपणाचा भंग आहे!"

क्लार्क मंडळींनी खाली माना घातल्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

संजनाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सकाळी ग्रुपवर फोटोंऐवजी बटणं का आली होती, ते तिच्या लक्षात आलं. "साहेब, हे तुम्ही नाही. हे आमचे कारभारी काका. माझ्या भावाच्या साखरपुड्यातले."

"तुमचे काका आमच्या पुस्तिकेत काय करतायत?"

"झोपलेत, साहेब."

आता बोरस्ते मॅडमही हसू लागल्या. थेटेसाहेबांनी बटण लावलं आणि रागाने म्हणाले, "बघा मॅडम! मी आधीच म्हणत होतो. पुस्तिकेत ही असली चित्रं असतील तर ताईंना हे काम जमायचं कसं? हा विषय संपवू आपण."

खिडकीतली मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, "मॅडम, माझा दाखला? हरसूलची बस जाईल माझी."

आपण दिलेला शब्द, ताईचं टेबल, सगळं एका टिंबापायी गेलं, असं सुयशला वाटलं. रोहिणीने लाटणं घट्ट धरलं.

"जाणार नाही तुझी बस," संजना म्हणाली. "साहेब, चित्र चुकलंय. मजकूर अजून ऐकला कुठे आपण?" आणि तिने बाईला पुढे नेलं.

"पहिल्या रकान्यात हजेरी क्रमांक लिहा. टॅब दाबा," बाई म्हणाली.

संजनाने मुलीला क्रमांक विचारला, लिहिला, टॅब दाबला.

"विद्यार्थ्याचे नाव ऐकू येईल. बरोबर असल्यास एंटर दाबा."

नाव ऐकू आलं. मुलीने मान हलवली, मग चूक लक्षात येऊन "हो, हो" म्हणाली. संजनाने एंटर दाबलं.

सुयश दारात उभा राहून ऐकत होता. ही त्याची वाक्यं होती. बाणाशिवायची, गोलाशिवायची, साधी, एकामागून एक चालणारी. त्यांच्या पावलांवर ताईची बोटं चालत होती आणि एकदाही अडखळत नव्हती. आजवर त्याने शेकडो बाण काढले, पण आपलं लिहिलेलं कुणाच्या एवढं कामी आलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मध्येच बाईने 'नवरामुलगा आयुष, कोटाला किमतीची चिठ्ठी' असं एक सुनावलं, पण संजना "असू दे, असू दे" म्हणून पुढे गेली. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. संजना उठली, चार पावलं चालून कागद घेतला, शिक्का जागेवर मारला आणि खिडकीतून दाखला बाहेर दिला.

"पळ आता," ती म्हणाली.

मुलगी पळाली. ऑफिसात कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. रोहिणी तर रडतच होती, आणि लाटण्याने टेबल वाजवत होती.

बोरस्ते मॅडम म्हणाल्या, "थेटेसाहेब, चुकीची चित्रं असताना यांना जमलं, मग बरोबर असतील तेव्हा काय होईल? खिडकी संजनाताईंकडेच. आणि ते गृहस्थ बाकी मला अगदी डोळ्यांसमोर दिसले हो. वर्णन कुणी लिहिलं?"

अर्ध्या दाढीचा सुयश पुढे झाला. संजनाने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि त्याचा हात धरून सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे जावई. पुस्तिका यांनीच लिहिलीय." जावई म्हणताना तिचा आवाज असा चढला, की सुयशला जन्मभर पुरेल एवढा अभिमान तिथल्या तिथे मिळाला.

पुढचं सगळं गोडच झालं. दुपारपर्यंत फाइली जागच्या जागी गेल्या. विठाबाई आत्यांना स्वतःचं खरं वर्णन मिळालं: 'लाल लुगड्यातल्या आत्या, सगळ्या फोटोत एकट्या त्याच मनापासून हसताहेत.' ते त्यांनी शेजारणीपाजारणींना वाचून दाखवायला लावलं. कारभारी काका ग्रुपात परत आले. मागचं काही नव्हतं, हे साक्षीला पटलं. (निदान ती तसं म्हणाली.) मोगलसाहेबांनी जाहीर केलं, की अदृश्य वर्णनांची कल्पना मुळात त्यांचीच, आणि यापुढे कंपनीची एकही पुस्तिका संजनाताईंनी तपासल्याखेरीज बाहेर जाणार नाही. शिवाय नव्या आवृत्तीच्या पहिल्याच पानावर लेखकाचा फोटो छापायचा.

सुयशने कोट शिवला. कॉलेज रोडच्या स्टुडिओत जाऊन हनुवटीखाली बोट ठेवून फोटो काढला. आणि त्यामागच्या अदृश्य जागेसाठी तीन दिवस खपून वर्णन लिहिलं: 'विचारमग्न लेखक. कपाळ भव्य. डोळ्यांत समाजाविषयी कळकळ.' मग पुस्तिका तपासणीला संजनाकडे पाठवली.

दोन रविवार सोडून सासुरवाडीत पुन्हा मटणाचा बेत झाला. विठाबाई आत्याही आल्या होत्या. सुयशने सगळ्यांना गोल बसवलं, पंखा बंद केला, लॅपटॉप मध्ये ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"झटपट. माहितीपुस्तिका. दुसरी आवृत्ती," बाई म्हणाली. "लेखक, सुयश पगारे. तपासणी, संजना साळवे. अनुक्रमणिका. प्रकरण एक."

सुयशने डोळे उघडले. "थांबा, थांबा. माझा फोटो राहिला की!"

"राहिला नाही," संजना म्हणाली. "आहे तिथंच आहे. पण नियम म्हणजे नियम, सुयशराव. चित्र काढून बघायचं, काही अडतंय का."

"मग?"

रोहिणीने त्याच्या ताटात रस्सा वाढला आणि शांतपणे म्हणाली, "मी, ताई आणि आत्या, तिघींनी बसून तुम्हाला काढून बघितलं. काहीच अडलं नाही."